ओ देतंय, पण दार उघडंना

आप्पांकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्नाचं कधी बघताय हेही विचारलं नाही. दौंडमध्ये त्याआधी पाहिलेल्या चारही घरांत बोलणं याच तीन प्रश्नांवर अडलं होतं. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "विजेवर चालणारं तुमच्याकडं काय काय हाय?"

"इस्त्री," मी म्हणाले. "एक टेबलफॅन. आणि कॉम्प्युटर."

ते वळले आणि स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "अगं, खोली गेली!"

"बाई हाय का बाप्या?" आतून काकूंचा आवाज आला.

"कॉम्प्युटर हाय!"

मी शिरूरची. दौंडच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली होती. शिकवायचे म्हणजे मशीन चालू कसं करायचं, अर्ज कसा टाईप करायचा, बंद करताना नुसतं बटण का दाबायचं नाही, एवढंच. पण दोन हजार पाच-सहाच्या सुमारास तेवढं येणारी बाई म्हणजे सगळंच येणारी बाई असा लोकांचा समज होता, आणि तो मोडायची मला काही घाई नव्हती. आप्पा पहिल्या दिवसापासून मला 'मास्तरीणबाई' म्हणायला लागले.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले. जंक्शनवरच्या टेलिफोनच्या तारा सांभाळण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. नोकरी सुटली तरी तारा सुटल्या नाहीत. घरातल्या प्रत्येक तारेला त्यांनी पांढऱ्या रंगाने नंबर घातला होता. बेलची तार दोन, टीव्हीची पाच. अंगणात धुणं वाळत घालायची तार होती, तिलाही अकरा नंबर होता. काकू खालून हाक मारायच्या, "पोरी, तुझी ओढणी अकरावर ऱ्हायलीय, पाऊस यायलाय!" एवढे नंबर लक्षात कसे राहतात, असं मी एकदा विचारलं तर आप्पा म्हणाले, "आमचा आजा दोनशे मेंढरं तोंडानं वळखायचा. मला बारा तारा वळखू येऊ न्हाईत?"

फोन उचलल्यावर ते कधी हॅलो म्हणायचे नाहीत. "बोला, लाईन साफ हाय," म्हणायचे. लाईनमध्ये खरखर असली तर, "ठेवा. परत लावा," म्हणून खाडकन ठेवून द्यायचे. एकदा पलीकडे त्यांचे व्याही होते. व्याह्यांनी परत लावायला दोन महिने घेतले.

बंद करून परत चालू करणं या प्रकाराचा त्यांना मनापासून राग. माझं मशीन अडलं की मी तेच करायचे, कारण मला तेवढंच येत होतं. ते बघून आप्पा कळवळायचे. "बाई, असं करू नका. त्यानं दोष पळून जातो. दोष पळवायचा नसतो, धरायचा असतो. पळालेला परत येतो, आन् येताना शिकून येतो."

दोष धरायला त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक नोंदवही होती. तारीख, वेळ, काय झालं, काय केलं, कारण काय, असे रकाने आखलेले. शेवटच्या रकान्यात तक्रार करणाऱ्याची सही. सही झाल्याशिवाय दोष मिटला असं ते मानत नसत. 'मिक्सर ओरडतो' या नोंदीखाली काकूंची सही मी स्वतः पाहिली आहे. काकूंनी सही करायच्या आधी मिक्सरमध्ये शेंगदाणे घालून खात्री करून घेतली होती, हेही तिथे लिहिलेलं होतं.

आणि मोठा डबा. फ्रीज आल्यावर काकूंचं दूधदुभत्याचं जाळीचं कपाट रिकामं झालं, त्यात आप्पांनी एक जुना कॉम्प्युटर बसवला होता. जाळीतून हवा खेळते आणि उंदीर शिरत नाहीत, म्हणून ती जागा. त्याला मॉनिटर नव्हता. "गोदामाला तोंड कशाला?" आप्पा म्हणायचे. त्याचं काम एकच, फायली सांभाळायच्या. घरातल्या कुठल्याही मशीनवरून तारेतून त्याच्याकडे जायचं, हवी ती फाईल बघायची, ठेवायची ती ठेवून यायचं. ऑफिसांत याला सर्व्हर म्हणतात. आमच्याकडे तो मोठा डबा. कपाटाच्या वरच्या फळीवर हब नावाची आठ भोकांची पेटी होती आणि तिच्यात चार तारा खोचलेल्या होत्या. एक डब्याची, दुसरी आप्पांच्या बैठकीतल्या मशीनची, तिसरी गच्चीवर माझ्या खोलीत आलेली. आप्पांनी ती मी राहायला आले त्याच दिवशी ओढली होती. "भाड्यात लाईट, पानी आन् नेटवर्क," असा त्यांचा हिशेब. चौथी तार भिंतीला भोक पाडून शेजारी गेलेली होती.

शेजारी आबा राहायचे, आप्पांचे थोरले भाऊ. मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. घराची वाटणी होऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून दोघांचा अबोला होता. त्यांच्या बायका मात्र मागच्या कमरेएवढ्या भिंतीवर कोपर टेकून दिवसभर बोलायच्या. वाटणी कशावरून बिनसली ते मला कधी नीट कळलं नाही, पण शेवट कशाने झाला ते काकूंनी सांगितलं होतं. सगळं वाटून झाल्यावर घरातला फोटोंचा अल्बम उरला. तो कुणी ठेवायचा यावर दोघे अडून बसले आणि अखेर तोही शिवणीतून उसवून मधोमध वाटला. पुढची पानं आबांना, मागची आप्पांना. त्यामुळे दोन्ही भावांचं लहानपण आबांकडे गेलं, आणि आप्पांकडे आले ते लग्नानंतरचे फोटो, बहुतेक टोप्या घातलेल्या पाव्हण्यांचे.

आप्पांनी डबा बसवला तो यासाठी. तसं ते बोलले नाहीत. "मशीन पडून होतं," म्हणाले. पण भिंतीला भोक पाडायची बोलणी दोन्ही जावांनी मागच्या मागे केली, आणि आबांनी पलीकडून दर रविवारी एक फोटो स्कॅन करून डब्यात टाकायला सुरुवात केली. एकच. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. रविवारी सकाळी चहा झाला की आप्पा उठायचे. "डबा तपासतो," म्हणायचे. एका रविवारी मी भाडं द्यायला खाली गेले तर पडद्यावर सहाएक वर्षांचा एक बोडक्या डोक्याचा मुलगा होता, हातात भाकरी, अंगात सदरा, चड्डीचा पत्ता नाही. आप्पा त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. काकू मागून वाकून बघत म्हणाल्या, "तोंड तसंच हाय अजून." आप्पांनी त्यांना गप्प बसायची खूण केली. पुढच्या रविवारपर्यंत तो फोटो पडद्यावर तसाच होता.

दिवाळीनंतर दोष सुरू झाला. त्याच सुमारास संध्याकाळी दोन तासांचं लोडशेडिंग चालू झालं होतं. सातला दिवे यायचे, सगळ्यांची मशीनं चालू व्हायची आणि मोठा डबा सापडायचा नाही. रोज नाही. कधी चार दिवस सगळं सुरळीत, मग दोन दिवस डबा गायब.

एका मशीनवरून दुसऱ्या मशीनला त्याचा नंबर घालून हाक मारायची सोय असते. तिकडून ओ आली की तार शाबूत आहे असं समजायचं. आप्पा टॉर्च घेऊन कपाटापाशी उभे राहायचे आणि काकूंना बैठकीतल्या मशीनवर बसवायचे.

"हाक मार!"

"मारली. ओ आली."

"आता फाईल उघड."

"उघडंना."

"परत हाक मार."

"ओ आली!"

"ओ देतंय, पण दार उघडंना," आप्पा स्वतःशी म्हणायचे आणि वहीत लिहायचे. मग परत, "मग ओ कोन देतंय?"

"मला काय म्हाईत? तुमच्याच घरातलं हाय!"

पहिला संशय दोन घरं सोडून असलेल्या पिठाच्या गिरणीवर गेला. मोटर सुरू झाली की तारेत गडबड होते, असं आप्पांचं म्हणणं. त्यांनी गिरणीवाल्याला एक संध्याकाळ दळण थांबवायला लावलं. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या, गिरणी बंद, आणि इकडे डबा तरीही गायब. त्या रांगेत आमच्या क्लासच्या मालकांच्या घरच्याही होत्या. दुसऱ्या दिवशी मला क्लासमध्ये बरंच ऐकून घ्यावं लागलं.

मग संशय अकरा नंबरवर. ओली धुणी, लोखंडी तार, आणि तिच्या शेजारूनच माझ्या खोलीत गेलेली नेटवर्कची तार. आठ दिवस अकरावर कपडे वाळत घालायला बंदी झाली. काकूंनी नऊवारी पातळं फाटकावर वाळत घातली. पोस्टमनला पत्रं पातळाखालून वाकून द्यावी लागली.

दोष तसाच. मग एक रविवार फोटोशिवाय गेला, कारण आदल्या संध्याकाळी सातपासून डबाच कुणाला सापडत नव्हता. आप्पा दुपारभर वही घेऊन बसले. संध्याकाळी उठले ते तोंड बदलूनच.

"समद्या नोंदी सातच्या हायेत," ते म्हणाले. "सातला कोन बसतं मशीनवर? आबा बसतो."

"सातला सगळंच गाव बसतं, लाईट सातला येती," काकू म्हणाल्या.

"त्याला फोटो द्यायचे न्हाईत. तोंडानं न्हाई म्हनवंना, म्हनून हे असं कायतरी करून ठिवलंय."

त्यांनी पक्कड घेतली आणि चौथी तार भिंतीपाशी कापली. थोडं सिमेंट कालवून भोक बुजवलं. थापीने गुळगुळीत केलं. काकू बघत उभ्या होत्या. "आता मागची भित बी वर चढवा," म्हणाल्या, आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासमध्ये मी एका वयस्क विद्यार्थ्याला चांगलं झापलं होतं. पडद्यावर सूचना आली की ते न वाचता 'ओके' दाबायचे. "पडद्यावर येतं ते वाचण्यासाठी येतं," मी म्हणाले होते. "वाचल्याशिवाय दाबायचं नाही." संध्याकाळी घरी आले, दिवे आले, माझं मशीन चालू केलं आणि नेहमीसारखी एक सूचना आली. मी 'ओके' दाबणार होते. अधूनमधून ती यायची आणि मी दाबायचे. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली म्हणून वाचली.

हा नंबर नेटवर्कमधलं दुसरं एक मशीन आधीच वापरत आहे, असं त्यात लिहिलेलं होतं.

नंबर माझ्या ओळखीचा होता. जाळीच्या कपाटावर कागदावर लिहून चिकटवलेला होता. माझी तार ओढली त्या दिवशी आप्पा म्हणाले होते, "डब्याचा नंबर ह्यो, टाकून घ्या." मला वाटलं, फोनसारखंच असणार, ज्याच्याशी बोलायचं त्याचा नंबर फिरवायचा. म्हणून जिथे माझ्या मशीनचा स्वतःचा नंबर घालायचा होता तिथे मी डब्याचा घातला. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं झाली. दिवे आल्यावर जे मशीन आधी जागं होईल ते तो नंबर बळकावायचं. डबा म्हातारा, त्याला उठायला वेळ लागायचा. मी गडबडीने आधी चालू केलेलं असलं की तो उशिरा उठून बघायचा, आपली जागा गेलेली, आणि गप्प बसायचा. मग काकूंच्या हाकेला ओ देणारं मशीन माझं असायचं. त्यात आबांचे फोटो कुठून असणार?

मी नंबरातला शेवटचा आकडा बदलला. दहा सेकंद लागले. मग जिना उतरून सांगायला हवं होतं. मी उतरले नाही. उद्या सांगू, म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून दोष गेला. आणि तो गेला आबांची तार कापल्यानंतर. आप्पांनी वहीत कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'आबा'. गिरणीवाल्याला जाऊन सांगितलं. पोस्टमनला थांबवून सांगितलं. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला सांगितलं. रोज मला विचारायचे, "काय बाई, निदान बरोबर होतं का न्हाई?" मी, "अं, हो," म्हणायचे आणि जिना चढायचे. मास्तरीणबाईला नंबर घालता येत नाही, हे गावभर झालं तर नोकरीचं काय, अशी भीती होती. नऊ दिवस मी ती भीती घेऊन वर-खाली केलं.

दहाव्या दिवशी आबा क्लासमध्ये आले. धुतलेलं धोतर, काखेत छत्री, हातात शाळेची वही. मुलांच्या बाकावर अवघडून बसले.

"आपण त्या घरात राहता," ते म्हणाले. "मला एवढंच समजावून सांगा, की मी नेमकं काय चुकीचं दाबलं?"

वहीत त्यांनी महिनाभरात मशीनवर काय काय दाबलं ते सगळं वळणदार अक्षरात क्रमाने लिहून आणलं होतं.

"तुम्ही काही चुकीचं दाबलेलं नाही, आबा."

"दाबलं असणार. आप्पा माणसांच्या बाबतीत चुकतो, पण तारेच्या बाबतीत चुकत नाही. लहानपणापासून बघतोय मी त्याला." मग चष्मा पुसत म्हणाले, "बरेच फोटो राहिलेत अजून."

मी तास सोडला आणि घरी आले. आप्पा कपाटाची जाळी झाडत होते.

"आप्पा, दोष आबांचा नव्हता. माझा होता." मी एका दमात सगळं सांगितलं, नऊ दिवस गप्प बसल्याचंही.

आप्पांनी फडकं खाली ठेवलं. मला वाटलं, खोली सोडायला सांगणार.

"सांगून काय उपेग?" ते म्हणाले. "दोष परत आनून दाखवा."

मी वर जाऊन जुना नंबर घातला. आप्पांनी घराचा मेन स्विच पाडला आणि परत वर केला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी माझं मशीन आधी उठवलं आणि धावत खाली आले. डबा मागून चालू झाला. काकू बैठकीत बसल्या.

"हाक मार!"

"ओ आली. फाईल उघडंना."

आप्पांनी एक क्षण विचार केला. मग हात घालून डब्याची स्वतःचीच तार उपसून हातात घेतली. "आता?"

"ओ आली."

आप्पांनी हातातल्या तारेच्या टोकाकडे बघितलं. "परत मार."

"आली. आली. आली. चारदा आली बघा!"

आप्पा कपाटासमोर फरशीवर खाली बसले आणि हसायला लागले. ठसका लागला तरी हसत राहिले. "काय दोष हाय!" ते म्हणाले. "चौतीस वर्सांत असला दोष बघितला न्हाई. डबा मेल्याला, आन् त्याच्या नावानं बाई ओ देतीया! बाई, काय काम केलंय तुम्ही!" असं कौतुक मला आयुष्यात कुठल्याही बरोबर उत्तरासाठी मिळालेलं नाही.

हसता हसता त्यांची नजर भिंतीवरच्या सिमेंटच्या ठिगळावर गेली. ते थांबले. बैठकीतून काकूंनी मान न वळवता विचारलं, "मग आता?"

आप्पांनी वही उघडली. 'आबा' खोडलं. माझ्याकडे बघून 'भाडेकरू' लिहिलं. थोडा वेळ बघत बसले, तेही खोडलं आणि खाली लिहिलं, 'मी. नंबर देताना नीट सांगितलं नाही. आबावर नाहक आळ घेतला. दुरूस्ती झाली.' शेवटचा रकाना रिकामा होता.

"सही लागंल," ते म्हणाले.

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले, वही काखेत मारली. मला म्हणाले, "चला, तुम्ही साक्षीदार." आबांचं दार आमच्या दारापासून वीस पावलांवर होतं. ती वीस पावलं चालताना आप्पा दोनदा चप्पल नीट करायला थांबले. कडी वाजवली. आबांनी दार उघडलं. दोघे एकमेकांकडे बघत उभे. मग आप्पांनी वही पुढे केली.

"सही पायजे."

आबांनी चष्मा लावून उंबऱ्यातच पूर्ण नोंद वाचली. परत एकदा वाचली. खिशातून लाल पेन काढलं.

"'दुरुस्ती'तला 'रु' ऱ्हस्व," ते म्हणाले.

"सही कर, आबा."

"आधी शुद्ध लिही."

आप्पांनी भिंतीला वही टेकवून शब्द पुन्हा लिहिला. आबांनी तो तपासला, सही केली, खाली तारीख घातली. मग वही मिटून बाजूला सरकले. "आत ये. चहा टाकलाय."

टेबलावर अर्धा अल्बम उघडाच होता. आप्पा चहा विसरले. एकेक पान उलटत गेले आणि एका फोटोवर थांबले. त्यांची आई आडाच्या कठड्यापाशी उभी, कडेवर मूल, मुलाचं कुंचडं नाकापर्यंत ओढलेलं.

"ह्यो मी," आप्पा म्हणाले.

"तू नव्हे. मी," आबा म्हणाले.

"पाय बघ. माझे पाय हायेत ते."

"आईचं वय बघ. तुझा जन्म कुठे झाला होता तेव्हा?"

"तुला काय आठवतंय? तू तर कडेवर व्हतास!"

"म्हणजे कडेवर मी होतो हे कबूल!"

आवाज इतका चढला की गिरणीतल्या बायका रस्त्यावर येऊन बघायला लागल्या. आप्पा ताडकन उठले, "ह्या मानसाशी बोलण्यात अर्थ न्हाई," म्हणाले आणि वही तिथेच टाकून घरी निघून आले. मी त्यांच्या मागे. काकूंनी आमच्या तोंडाकडे बघितलं आणि ताटं वाढायला घेतली. मला त्या रात्री झोप लागली नाही. सगळं माझ्यामुळे झालं, आणि आता आधीपेक्षा वाईट झालं, असं वाटत राहिलं.

सकाळी साडेसातला मी क्लासला निघाले तर आप्पा अंगणात होते. अंगात परत इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. बाहेर पडत होते.

"कुठं निघालाव?" काकूंनी दारातून विचारलं.

"आबाकडं," आप्पा म्हणाले. "भांडान अर्धं ऱ्हायलंय."

पुढे मी दोन वर्षं त्या घरात राहिले. ते भांडण रोज सकाळी साडेसातला चालू व्हायचं आणि साडेनऊला न्याहारीसाठी थांबायचं.